सोळा चिरा

दोरीपाशी पहाऱ्याला उभ्या असलेल्या माणसाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा वस्ताद अर्धे दोरीच्या अलीकडे आणि अर्धे पलीकडे होते.

"कुठे निघालात, काका?"

"काच पुसायला." वाकलेल्या अवस्थेतच वस्तादांनी हातातलं फडकं दाखवलं.

"शर्यत संपली. आता काच कोण बघतंय?"

"फोटो काढतात ना. जिंकलेली गाडी आहे. मळकी काच बरी दिसत नाही."

"निकाल पक्का होईपर्यंत या आवारात गाडीला हात लावायचा नाही. मालकानेसुद्धा नाही. अठरावं कलम."

अठरावं कलम वस्तादांना तोंडपाठ होतं. ते त्यांच्यामुळेच आलं होतं. त्यांनी स्वतःला दोरीखालून मागे ओढून घेतलं, फडक्याची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. आवारात पहिल्या तीन गाड्या उभ्या होत्या. मधली लेकीची. तिच्या बॉनेटवरून अजून वाफ निघत असावी, असं त्यांना उगीचच वाटत होतं.

वस्ताद या खेळात आले तेव्हा नियमांचं पुस्तक अकरा पानांचं होतं, आणि बाहेर पडले तेव्हा त्रेचाळीस. मधल्या बत्तीस पानांतली निम्मी तरी आपली, असं ते एके काळी चारचौघांत सांगत. हल्ली लेक शेजारी असली की सांगत नसत. 'वजनाच्या वेळी गाडीत बर्फ नसावा' हे कलम वाचून नव्या पोरांना हसू येतं. सीटखाली वीस किलोची लादी ठेवून वस्तादांनी हलकी गाडी नियमाच्या वजनात बसवली होती, आणि शर्यतीत लादी पाणी होऊन रस्त्यावर गेली होती. रांगेत उभं असताना एका तरुण तपासनिसाने विचारलं होतं, गाडीखालून हे काय गळतंय. वस्ताद म्हणाले होते, "ड्रायव्हर नवीन आहे, घाबरलाय." तरुण तपासनिसाने ते वहीत उतरवून घेतलं होतं.

तो तरुण आता मुख्य तपासनीस झाला होता. खिशात कायम एक भिंग बाळगायचा, म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला भिंगच म्हणत. पुढ्यात साहेब.

आणि आज साहेबांच्या टेबलावर तक्रार होती. दुसऱ्या आलेल्या संघाचा प्रमुख, निळ्या टोपीवाला, शर्यत संपल्यावर पंधरा मिनिटांत ती लिहून घेऊन गेला होता. सरळ पट्ट्यावर पहिली गाडी जास्त ओढते. इंजिनाची हवेची वाट उघडून तपासावी. पुरावा म्हणून काय लिहिलं, असं कोणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुरावा कशाला? वस्तादची मुलगी आहे."

हे वाक्य लेकीने तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर आलं तरी ती मान वर करत नसे. तिने स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा बापाला एकच अट घातली होती. या, बसा, चहा प्या, टायरची हवा मोजा. इंजिनाला हात लावायचा नाही. वस्ताद "बरं" म्हणाले होते, आणि तीन वर्षं त्यांनी टायरची हवा इतक्या निष्ठेने मोजली की टायरनाही संकोच वाटावा.

काल दुपारपर्यंत.

या गटातल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाला श्वास घ्यायला एकच वाट असते: आयोजकांनी दिलेली, शिक्का मारलेली धातूची कडी. तिचं भोक चौतीस मिलिमीटर. जेवढी हवा त्यातून आत जाईल, तेवढाच गाडीत जोर. ही कडी आणि इंजिनाची नळी यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग बसतं, बाजूने चोरटी हवा घुसू नये म्हणून. लेक काल संघप्रमुखांच्या बैठकीला गेली तेव्हा वस्तादांनी सुट्या भागांच्या ट्रेमधली त्या पॅकिंगची पुडी उघडली, आतलं काढलं, आपलं घातलं आणि पुडीचं तोंड होतं तसं चिकटवलं. त्यांच्या पॅकिंगमध्ये केसाएवढ्या सोळा चिरा होत्या, मेणाने बुजवलेल्या. थंड इंजिनावर कोणाला काही कळणार नाही. इंजिन तापलं की मेण वितळून आत ओढलं जाईल आणि चिरा मोकळ्या होतील. शर्यतीनंतर कडीचं भोक मोजतात, गाडी काट्यावर चढवतात आणि घरी सोडतात. पॅकिंग कोणी उघडत नाही.

कोणी तक्रार केली नाही तर.

हे का केलं, असं त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाप लेकीला काहीतरी देतो. दागिने तिला नको होते, सल्ला तर त्याहून नको होता. शेवटची शर्यत, पहिल्या दोन गाड्यांत दोन गुणांचा फरक, आणि तिचं इंजिन सरळमार्गी. सरळमार्गी इंजिन जिंकलेलं वस्तादांनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं.

ते ट्रककडे निघाले. अर्ध्या वाटेत जावई भेटला. गाडी तोच चालवायचा. अंगावरचा सूट कमरेपर्यंत सोडलेला, हातात ज्यूसची बाटली, आणि चेहऱ्यावर विजेता ठरलेल्या पण अजून न ठरलेल्या माणसाचा आनंद.

"बाबा, सरळ पट्ट्यावर काय ओढत होती हो. तो निळ्या टोपीवाला आरशात लहान लहान होत गेला. मला तर त्याची दया आली."

"हो का."

"शेवटच्या दहा फेऱ्यांत तर जास्तच. इंजिन तापलं की खुलतं तिचं."

"खुलतं ना," वस्ताद म्हणाले. पन्नास फेऱ्या ते कठड्याला धरून उभे होते. प्रत्येक वेळी गाडी सरळ पट्ट्यावर सुटली की त्यांनी मनात मोजलं होतं, एक ते सोळा. इतका आनंद त्यांना बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. आता त्याच आनंदाची किंमत लेकीच्या नावावर चढत होती. संघप्रमुख म्हणून कागदावर सही तिची होती. चिरा निघाल्या तर गाडी बाद, अजिंक्यपद गेलं, आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी. बंदी उठल्यावरही लोक एकच म्हणणार होते, आम्ही सांगत नव्हतो?

लेक ट्रकच्या मागच्या पायरीवर बसून नट आवळायचे पाने पुसत होती.

"बसा ना, बाबा. किती फिरताय."

"बसलोच होतो."

"कुठे?"

वस्तादांनी हवेत कुठेतरी हात केला. मग ते खरंच बसले, उलटी बादली ओढून. दोन मिनिटांत उठले. बादली सरळ केली, पुन्हा उलटी केली.

"तुला भीती नाही वाटत?"

"कशाची? कर नाही त्याला डर कशाला." पाना उजेडात धरून ती त्याच्याकडे पाहत होती.

किती निर्धास्त बसलीय, वस्तादांना वाटलं. तिचा तो शांत चेहरा त्यांना बघवेना. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं.

"समजा," ते म्हणाले, "समजा काही निघालं."

तिचा हात थांबला.

"काय निघेल?"

"काही नाही. नुसतं समजा म्हटलं."

"पण समजा काय, बाबा?"

ती त्यांच्याकडे पाहत होती. घाईने नाही. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी गाडी थांबवून वाट पाहावी, तशी. वस्तादांनी तोंड उघडलं. जिभेवर पॅकिंग हा शब्द आलाही होता.

"समजा, शिक्का सैल निघाला."

"शिक्का मी स्वतः तपासलाय." ती पुन्हा पाना पुसायला लागली. तोच, जो मघाशीच पुसून झाला होता. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

"नक्की?"

"चहा आणू का तुला?"

"नको," लेक म्हणाली.

खिशातला फोन वाजला. बायकोचा.

"जिंकली म्हणे."

"तात्पुरती."

"तात्पुरती म्हणजे काय? लग्न आहे का ते?"

"तपासणी व्हायचीय. तक्रार आलीय."

पलीकडे शांतता पसरली. चाळीस वर्षांच्या संसारात अशा शांततेचा अर्थ लावायला वस्तादांना शब्दकोश लागत नव्हता.

"तुम्ही काही केलं नाहीत ना?"

"मी काय करणार? मला टायर मोजायला ठेवलंय."

"मी काय विचारलं, तुम्ही काय सांगताय."

"रेंज जातेय," वस्ताद म्हणाले, आणि रेंज गेली.

आवारातून गाडी ढकलत तपासणीच्या शेडकडे नेली जात होती. चार माणसं, एक स्टिअरिंगवर. वस्ताद त्यांच्या मागोमाग चालू लागले. त्यांच्या डोक्यात जुनी हत्यारं एकेक करून येऊन गेली. शेडची वीज घालवता येईल. कोणाला तरी चक्कर येऊ शकते. ती त्यांना पूर्वी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा फार उपयोगी पडली होती. शेडच्या दारापर्यंत पोचेतो त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कशानेही चिरा बुजत नाहीत. उलट संशय वाढतो, आणि संशय त्यांच्यावर थांबत नाही. तो पुढे तिच्यापर्यंत जातो.

ते आत गेले.

शेड पत्र्याची होती. मध्ये गाडी, भोवती पांढरे दिवे, एका बाजूला टेबल. टेबलाशी भिंग आणि त्यांचे दोन मदतनीस, कोपऱ्यात हाताची घडी घालून निळ्या टोपीवाला.

"वस्ताद, तुम्ही बाहेर थांबा," भिंग म्हणाले. "संघप्रमुखाला निरोप पाठवलाय."

"ती यायच्या आधीच बोलायचंय."

"काय?"

"मी केलंय," वस्ताद म्हणाले. "तिला माहीत नाही. लिहून घ्या."

भिंगांनी पेन उचललं नाही. वस्तादांनी मग स्वतःच खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: पुडी, पॅकिंग, चिरा, मेण. सुरुवातीला आवाज दबका होता. पण मेण कोणतं निवडलं आणि ते नेमकं कितव्या फेरीला सुटतं हे सांगताना तो नकळत चढला. एका मदतनिसाने तर खुर्ची थोडी पुढे घेतली.

"सोळा?" भिंगांनी विचारलं.

"सोळा. वीस केल्या असत्या तर पॅकिंगच फाटलं असतं."

"आणि हे तुम्ही आपण होऊन सांगताय."

"हो."

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा."

"कधीतरी सुरुवात करावी लागते."

भिंग हसले नाहीत. "गाडी बाद होईल, वस्ताद. ते माझ्या हातात नाही. पण तिला कल्पना नव्हती असं तुम्ही लिहून दिलंत, तर तिच्यावर बंदी येणार नाही. एवढं मी बघेन."

तेवढंच तर विकत घ्यायचं होतं. वस्तादांनी कागदावर सही केली. घाईत तारीख घालायची राहिली. निळ्या टोपीवाल्याने हाताची घडी सोडली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा घातली. जिंकलेला माणूस आणखी काय करणार.

लेक आली ती दारातच उभी राहिली. बापाला आत पाहून तिच्या कपाळावर एक आठी उमटली आणि गेली. तिला कोणी काही सांगितलं नाही. भिंगांनी इंजिन सुरू करायला लावलं, ते गरम होऊ दिलं, मग बाही वर सारून उघडा तळहात कडीच्या तोंडावर दाबला. परीक्षा सोपी असते. वाट एकच असेल तर ती बंद होताच इंजिनाने जीव सोडला पाहिजे. बाजूला चिरा असतील तर ते खोकत, कण्हत का होईना, चालूच राहतं.

इंजिन मेलं. दिवा फुंकावा तसं.

भिंगांनी हात बाजूला करून त्याकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात ठेवला. पुन्हा मेलं.

"उघडा," ते म्हणाले.

नट निघाले, कडी निघाली. मदतनिसाने चिमट्याने पॅकिंग उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं. भिंगांनी खिशातून भिंग काढलं. पण वस्तादांना भिंगाची गरज नव्हती. सहा पावलांवरून त्यांना दिसलं, ते त्यांचं नव्हतं. बाजारातलं, साच्यातून काढलेलं, एका कडेला बारीकसा कच्चा दोरा सुटलेलं. त्यांच्या हातून असली कड कधी गेली नसती.

त्यांच्यानंतर ती पुडी एकाच माणसाने उघडली होती. आज सकाळी, स्वतःच्या हाताने.

वस्तादांनी दाराकडे पाहिलं. लेक गाडीकडे बघत होती. पन्नास फेऱ्या, त्यांना आठवलं. पन्नास वेळा एक ते सोळा मोजलं. आणि तिथे मोजण्यासारखं काहीच नव्हतं; सरळ पट्ट्यावर जी सुटत होती ती नुसती गाडी होती. त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"चिरा कुठे आहेत?" भिंगांनी विचारलं.

वस्तादांनी फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"साहेब, हा डाव आहे," निळ्या टोपीवाला म्हणाला. "इकडे बोट दाखवायचं आणि तिकडे लपवायचं. खरी भानगड दुसरीकडे आहे. हा माणूस उगीच कबुली देईल?"

हे सगळ्यांना पटलं. वस्तादांनाही पटलं, दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर त्यांनी हेच म्हटलं असतं. मग दोन तास गाडी सोलली गेली. टाकी उतरवली, पेट्रोल नळीत घालून पाहिलं, चाकं तोलली, सीट फाडली. सीटखाली भिंगांनी स्वतः हात घालून पाहिलं, बोटं कोरडी निघाली. लेक दारात उभी होती. कोणीतरी तिला खुर्ची दिली, ती तिने वापरली नाही. वस्ताद बसले, उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. जिला वाचवायला ते आत आले होते, तिची गाडी त्यांच्यामुळे तुकड्यातुकड्यांनी जमिनीवर मांडली जात होती, आणि प्रत्येक तुकडा स्वच्छ होता.

शेवटी भिंग हात पुसत टेबलाशी आले.

"गाडीत काही नाही," ते म्हणाले. "आता या कागदाचं काय करू?"

त्यांनी वस्तादांची कबुली दिव्याखाली धरली.

"एक तर हे खोटं आहे. पण इतकं बारीक खोटं कोणी कशाला सांगेल? दुसरं म्हणजे, वस्तादांनी पॅकिंग बनवलं, आणि कोणीतरी ते शर्यतीआधी काढलं." त्यांनी पुस्तक उघडलं. "चोविसावं कलम. प्रयत्न म्हणजेच गुन्हा. आणि संघप्रमुखाला ते कळलं असेल, तिने आम्हाला कळवलं नसेल, तर तीही तितकीच दोषी. गाडी स्वच्छ असली तरी." ते लेकीकडे वळले. "म्हणून विचारतो. असं पॅकिंग तुमच्या पाहण्यात आलं होतं?"

लेक खोटं बोलत नसे. लहानपणी काचेची बरणी फोडली तेव्हाही तुकडे ओंजळीत घेऊन स्वतःच आईसमोर उभी राहिली होती. त्यांना तेव्हाही जरा काळजीच वाटली होती, या पोरीचं पुढे कसं होणार.

लेक टेबलापाशी आली.

"आलं होतं," ती म्हणाली. "पण आज नाही. मी शाळेत होते तेव्हा."

"म्हणजे?"

तिने आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "बाबांचं हल्ली असं होतं, साहेब. जुनं आणि आत्ताचं एक होऊन जातं. हे पॅकिंग त्यांनी तेव्हा बनवायला घेतलं होतं. स्वयंपाकघरात मेण वितळवलं आणि आईचं दुधाचं पातेलं कायमचं गेलं. आई अजून त्यांना ऐकवते."

पातेलं. वस्ताद खुर्चीत निश्चल झाले. असं कुठलंही पातेलं कधी खराब झालं नव्हतं. खोटं उभं करताना मध्ये एखादी निरुपयोगी, घरगुती वस्तू ठेवून द्यावी, ऐकणारा तिलाच टेकून बसतो, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितली नव्हती.

"परवा मला विचारत होते, परीक्षा कधी आहे तुझी," लेक पुढे म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "म्हणून तर इंजिनाला हात लावू देत नाही. टायर मोजायला बसवते. त्यांचा वेळ जातो."

शेडमधला दिवा गुणगुणत होता. निळ्या टोपीवाल्याने पहिल्यांदाच दुसरीकडे पाहिलं. त्याच्याही घरी कोणीतरी असावं.

भिंग टेबलाला वळसा घालून आले आणि वस्तादांच्या समोर वाकले. या डोळ्यांत वस्तादांनी पंचवीस वर्षं संशय पाहिला होता. त्या संशयाची त्यांना सवय होती; खरं सांगायचं तर तो त्यांचा मानच होता. आता डोळ्यांत जे होतं ते निराळं होतं, आणि ते त्यांना अंगावर ओल्या कपड्यासारखं लागलं.

"वस्ताद," भिंग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सध्या कोणतं वर्ष चालू आहे?"

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मोठ्या लाल अक्षरांतलं. त्याच्याकडे न पाहणं फार कठीण होतं. वस्तादांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती आणि अंगठ्याच्या नखातलं ग्रीस ती दुसऱ्या नखाने काढत होती. ते निघत नव्हतं.

त्यांनी वर्ष सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं.

मग, काम अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे, भिंगांच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाले, "तू नवीनच लागलायस ना रे इथे?"

भिंगांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"हो," ते म्हणाले. "नवीनच आहे."

कबुलीच्या कागदाची त्यांनी चार घड्यांची पुडी केली आणि फाइलमध्ये न ठेवता स्वतःच्या खिशात टाकली. मदतनिसाला म्हणाले, "निकाल कायम. जाहीर करा." मग लेकीजवळ जाऊन, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा आवाजात, "पुढच्या वेळी त्यांना आणू नका. गर्दी, आवाज. सहन होत नाही त्यांना."

"नाही आणणार," लेक म्हणाली.

मघापासून ती जे जे बोलली होती त्यातलं हे एवढं खरं होतं. वस्तादांना ते लगेच कळलं.

बाहेर जावयाने बातमी ऐकली असावी. कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, थांबतच नव्हतं. लेकीने वाकून बापाचं कोपर धरलं आणि मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "चला, बाबा. घरी जायचंय ना?"

वस्ताद उठले. दारापर्यंत बारा-पंधरा पावलं होती आणि पाठीमागे पाचसहा जण बघत उभे होते. त्यांनी खांदे थोडे पाडले. चौथ्या पावलाला उजवा पाय जरासा ओढला. सहाव्याला आणखी थोडा.

कोपरावरची तिची बोटं घट्ट झाली.

"जास्त नको, बाबा," ती ओठ न हलवता म्हणाली.